उचलीवर उभा राहिलेला नाताळ : नवापूर तालुक्यातील एका मंडळीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीचे आहे. चर्चेत आलेल्या पुष्कळशा गोष्टी घराघरांतल्या कर्जाशी आणि अब्रूशी निगडित असल्यामुळे गावाचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही. शेजारच्या मंडळीतला एक वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, आणि निवृत्त शिक्षक या नात्याने, तेथील मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी मला आपल्या बैठकींना बोलावले होते. त्यामुळे येथे लिहिलेले बरेचसे प्रत्यक्ष ऐकलेले आहे आणि जेथे माझे मत आहे तेथे ते माझे म्हणूनच मांडले आहे.

मंडळी आणि तिचा हंगाम

१९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात गेला, पुढे धुळे जिल्ह्यात राहिला आणि १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॅन्डिनेव्हियन मिशनऱ्यांनी या पट्ट्यात काम केले आणि मावची, कोकणी व भिल्ल या आदिवासी कुटुंबांतून येथल्या मंडळ्या वाढल्या. या मंडळीचे आजचे बहुतेक सभासद त्या पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतले आहेत. उपासना मराठीत चालते, गाणी मराठीत आणि मावचीत गायली जातात, आणि प्रार्थना ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत होते.

नाताळाचा प्रश्न समजण्यासाठी या गावाचे वर्ष कसे चालते ते आधी पाहावे लागते. पावसावरची थोडीशी जमीन, त्यात भात, ज्वारी, तूर, आणि दिवाळी उरकली की ऊसतोड, असा येथल्या निम्म्याहून अधिक घरांचा क्रम आहे. सुरत–धुळे महामार्गाने गुजरातमधील सोनगड, व्यारा, बारडोली या दिशेला ट्रक भरून माणसे जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत साखर कारखान्यांच्या आसपासच्या पडावांवर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजुरांची टोळी नेणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो, हंगामात खाण्यापुरते धान्य व थोडे पैसे मिळतात, आणि तोडलेल्या उसाच्या टनांवरून शेवटी हिशेब होऊन उचल वळती केली जाते. ज्याच्या अंगावर उचल शिल्लक राहते त्याचा पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे बांधला जातो. म्हणजे ख्रिस्तजन्माच्या दिवशी या मंडळीतील कितीतरी कुटुंबे आपल्या देवळापासून, म्हणजे चर्चपासून, दूर, परराज्यातील शेतात, पाचटाने किंवा प्लास्टिकने शाकारलेल्या पालांत असतात.

मंडळीतील दुसरा गट नोकरदारांचा आहे. शिक्षक, परिचारिका, पोलीस, एस.टी.तील व कचेऱ्यांतील कर्मचारी अशी ही घरे नवापूर, नंदुरबार किंवा सुरतेत राहतात आणि नाताळाला गावी येतात. यातली बहुतेक माणसे कोयत्याच्या घरांतूनच शिकून पुढे आलेली आहेत, त्यामुळे दोन्ही गटांत सख्खे नाते आहे. पुढे जे घडले ते या नात्याखेरीज घडले नसते असे मला वाटते.

बदल कसा आला

जुनी माणसे सांगतात की पूर्वी नाताळाची रात्र भजनात जात असे. ढोलक, टाळ आणि पावरी हे फुंकून वाजवायचे आदिवासी वाद्य घेऊन गायकांचा ताफा घरोघर फिरे आणि सकाळच्या उपासनेनंतर देवळासमोर एकत्र पंगत बसे. नारायण वामन टिळकांसारख्या कवीने मराठी ख्रिस्ती मंडळींना अभंगाच्या आणि भजनाच्या चालीत प्रभूचे गुणगान करायला शिकवले, त्याचा वारसा या दूरच्या गावापर्यंत पोहोचला होता.

साधारण गेल्या पंधरा वर्षांत चित्र पालटले. मंडप मोठा झाला, डी.जे. आला, देणगीदारांची छायाचित्रे असलेले फ्लेक्स रस्त्यावर लागले. २४ तारखेच्या रात्री नृत्यस्पर्धा आणि लकी ड्रॉ ठेवला जाऊ लागला. वर्गणीची यादी ध्वनिक्षेपकावरून वाचली जाऊ लागली, आणि ती आकड्यांच्या उतरत्या क्रमाने वाचली जाई. घरातील प्रत्येकाला नवे कपडे हवेत ही गोष्ट कोणी ठरवली नव्हती, पण ती ठरल्यासारखीच होती. शब्बाथशाळेची, म्हणजे मंडळीच्या धर्मशिक्षणवर्गाची, मुले २५ तारखेला एका रांगेत पुढे येत आणि कोणाच्या अंगावर काय आहे ते सगळ्या मंडळीला दिसे.

शहरातल्या माणसाला उपभोगवाद म्हटला की मॉल, सवलतींच्या जाहिराती आणि ऑनलाइन खरेदी आठवते. नवापूरच्या या गावात त्याचे रूप निराळे होते. कोयत्याचे कुटुंब दोन दिवसांसाठी गावी यायचे म्हणजे गाडीभाडे, कपडे, वर्गणी आणि फराळ, आणि त्यासाठी मुकादमाकडून आणखी उचल. आनंदाच्या या दोन दिवसांची किंमत पुढच्या हंगामातील श्रमांनी फेडली जाई. ज्याने गरिबांना मोकळे करायला देह धारण केला असे आपण मानतो, त्याच्या जन्मदिनी त्याचीच माणसे अधिक बांधली जात होती. या एका गोष्टीमुळे हे प्रकरण मला इतके महत्त्वाचे वाटते की त्याची तपशीलवार नोंद व्हायलाच हवी.

प्रश्न उघड झाला तो एका अनुपस्थितीमुळे. मंडळीत उत्तम गाणारी एक बहीण सलग दोन नाताळांना आली नाही. मंडळीच्या पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) पत्नीने हंगामानंतर तिला सहज विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, पोरं बघतात ना, सगळ्यांच्या अंगावर नवं असतं. पडावावर राहिलो तर कोणी विचारत तरी नाही." नंतर चौकशी केली तेव्हा अशी आणखी कुटुंबे निघाली. प्रवास लांबचा असल्यामुळे ती येत नाहीत, असे पंच आजवर समजत होते.

पहिले वर्ष : मनाईचा प्रयत्न

पाळकांना या गोष्टीचे मनापासून दुःख झाले आणि त्या दुःखाच्या भरात त्यांनी डिसेंबरमधील दोन रविवारी व्यासपीठावरून कडक उपदेश केला. डी.जे. बंद, लकी ड्रॉ बंद, कर्ज काढून कपडे घेणे हे पाप, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचा हेतू शुद्ध होता. परिणाम मात्र उलटा झाला.

तरुण संघाने देवळाच्या आवाराबाहेर, एका सभासदाच्या खळ्यात स्वतंत्र मंडप घातला आणि डी.जे. तेथे वाजला. नोकरदार घरांनी उपदेश आपल्याला लागू नाही असे धरले, कारण त्यांनी कर्ज काढलेले नव्हते. त्या रविवारी सर्वांत अपराधी चेहऱ्याने बसलेली माणसे तीच होती ज्यांनी सर्वांत कमी खरेदी केली होती. मुलीच्या फ्रॉकसाठी उचल घेतलेल्या एका बापाने उपासनेनंतर पंचांची क्षमा मागितली, आणि ज्यांच्या कपाटांत दर सणाची साडी होती त्यांच्यापैकी कोणालाच काही वाटले नाही.

ख्रिस्ती इतिहासात मनाईचा मार्ग याआधीही चालून पाहिलेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील प्युरिटनांनी, म्हणजे कडक आचाराच्या प्रोटेस्टंटांनी, १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो सण पवित्र शास्त्रात सांगितलेला नाही आणि त्याच्या निमित्ताने धिंगाणा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. १६८१ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. दंडाने लोकांची मने गव्हाणीकडे वळली नाहीत. नवापूरमध्ये दंड नव्हता, पण उपदेशाची जात तीच होती.

पाळकांनी पुढच्या जूनमध्ये पंचांसमोर हे सारे मोकळेपणाने मांडले आणि या वेळी डिसेंबरची वाट न पाहता, कोयत्याची माणसे गावात असतानाच, सगळ्यांनी मिळून विचार करावा असे सुचवले. मला ही सूचना निर्णायक वाटते. नाताळाचा निर्णय नाताळात घेतला की तो फक्त हजर असलेल्यांचा होतो.

दुसरे वर्ष : वचनापासून सुरुवात

ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आणि मत्तयाचा दुसरा अध्याय वाचला गेला. वाचन तरुण संघाकडे सोपवले होते आणि प्रश्न विचारायला कोणालाही मोकळीक होती. पहिल्याच बैठकीत एका तरुणाने विचारले, "पाळकसाहेब, वर्षभर पाचटात राहणाऱ्या माणसाने दोन दिवस नवा शर्ट घातला तर तो जगिक झाला, आणि पगारदार बारा महिने घालतो तो साधा, हे कसं?" पाळक काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले की या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत आपण कोणताही ठराव करायचा नाही.

उत्तराची दिशा लूकच्या दुसऱ्या अध्यायातील चोविसाव्या वचनाने दाखवली. बाळ येशूला मंदिरात आणल्यावर मरीया व योसेफ यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले अर्पण करायची होती. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीच्या शुद्धीसाठी कोकरू सांगितले आहे आणि ज्या स्त्रीला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी पक्ष्यांची सवलत आहे. म्हणजे येशूच्या घरच्यांनी गरिबाचे अर्पण केले, आणि नियमशास्त्रानेच त्याला मान्यता दिलेली होती. त्यांना कोकरासाठी उसने काढावे लागले नाही, लपून राहावे लागले नाही. हे वाचल्यावर एका कोयतेवाल्या भावाने विचारले की आपल्या देवळात दोन पारव्यांची जागा कोठे आहे. त्या एका वाक्याने सगळ्या चर्चेचा रोख बदलला.

त्यानंतर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला गेला, ज्यात सोन्याची अंगठी व भपकेदार कपडे घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या दरिद्री माणसाला उभे ठेवणाऱ्या सभेची कानउघाडणी केली आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रातील अकरावा अध्यायही वाचला. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व प्याला घेण्याच्या विधीला, एकत्र येऊन एक जण उपाशी राहतो आणि दुसरा मस्त होतो, असे करून तुम्ही ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय, असे पौल तेथे विचारतो. या दोन्ही उताऱ्यांत बोलणे दरिद्र्याला कमी लेखणाऱ्यांशी आहे. ज्यांच्याजवळ नाही त्यांना एकही शब्द सुनावलेला नाही. गेल्या वर्षीच्या उपदेशाचा रोख नेमका उलटा होता हे पंचांना कोणी सांगावे लागले नाही.

येथे माझे मत स्पष्टपणे नोंदवतो. नाताळ साधा व्हावा ही मागणी ज्याच्याकडे आहे त्याच्यापासूनच सुरू झाली पाहिजे. देवळातला थाट किती हे पुढच्या बाकांवरची माणसे ठरवतात आणि त्याचे कर्ज मागच्या बाकांवरची माणसे फेडतात. प्रभू धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झाला, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. खाली उतरण्याची हालचाल वरच्याने करायची असते, हा त्याच्या अवताराचाच नमुना आहे. गरिबाला साधेपणाचा उपदेश करणे सोपे असते आणि म्हणूनच तो वारंवार केला जातो.

सप्टेंबरअखेरच्या सभेत ठरले ते असे. पंच, पाळक, त्यांची कुटुंबे आणि नोकरदार घरे २४ व २५ तारखेला देवळात धुतलेले पण जुने कपडे घालून येतील. इतर कोणावर कपड्यांचा कोणताही नियम नाही, नवे घातले तरी चालेल. वर्गणी बंद करून बंद दानपेटी ठेवायची, आणि एकूण जमा व खर्च एवढेच जाहीर करायचे, कारण उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये असे प्रभूने शिकवले आहे. फ्लेक्स लावायचा नाही. आणि गायकांचा ताफा या वेळी गावातल्या घरांआधी पडावांवर जाईल.

कपड्यांच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वाद झाला, आणि तो पोकळ नव्हता. नुकतीच नोकरी लागलेल्या एका परिचारिकेने विचारले की पहिल्या पगारातून आईला घेतलेली साडी तिने नाताळाला का नेसू नये. आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या उतरलेल्या साड्या नेसल्या आहेत. त्या आईच्या बाबतीत नवी साडी हा दिखावा नव्हता, उपकारस्तुती होती. सभेने ठरावाला अपवाद जोडला नाही, मात्र नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उपकारस्तुतीची उपासना असते तेव्हा नवे वस्त्र घालण्यास सर्वांना मोकळीक ठेवली. त्या आईने ते मान्य केले, मुलीने मनापासून केले असे मला दिसले नाही.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार पाळावेत, ही सूचनाही आली. ही मंडळी ज्या परंपरेतली आहे तीत आगमनकाळाला फारसे स्थान नाही आणि एका वृद्ध पंचांनी हे आपल्यातले नव्हे असे म्हटले. तरी नाताळाची तयारी खरेदीने न होता वचनाने व्हावी एवढे त्यातले सूत्र सर्वांना पटले. अडचण अशी की आगमनकाळ नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि कोयत्याची माणसे त्याआधीच गेलेली असतात. म्हणून त्यांच्यासाठी ट्रक निघण्याच्या आदल्या संध्याकाळी निरोपाची उपासना घेतली, आणि प्रत्येक कोयत्याबरोबर चार आठवड्यांच्या वाचनांचा एक कागद दिला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पडावावर कोणी वाचून दाखवायचे हेही त्याच संध्याकाळी ठरवले.

सांताक्लॉजवर चर्चा थोडक्यात आटोपली. त्याला बंदी घातली नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षिकेने मुलांना मायरा येथील बिशप निकोलस यांची गोष्ट सांगितली, जे चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सेवा करत होते आणि ज्यांच्या नावावर गुपचूप मदत करण्याच्या कथा आहेत. मुलांनी आपापल्या डब्यातल्या करंज्या पडावावरच्या मुलांसाठी बाजूला काढल्या.

काय घडले

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ताफा टेम्पोने व्यारा-बारडोलीच्या दिशेने गेला. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते, त्यामुळे पडावावर माणसे रात्रीच भेटतात आणि तीही थकलेली. तरुणांनी डी.जे.ऐवजी ढोल आणि पावरी नेली होती. लूकच्या दुसऱ्या अध्यायातील मेंढपाळांचा उतारा तेथे वाचला गेला, जे रात्री रानात राहून कळप राखत होते आणि ज्यांना देवदूताने सर्वांआधी वार्ता सांगितली. स्पष्टीकरणाची गरज पडली नाही. खळ्यात स्वतंत्र मंडप घालणाऱ्या तरुणांपैकी एकाने परतताना पाळकांना सांगितले की आपण गावात कोणासाठी वाजवत होतो हे त्याला आता कळत नाही.

गावातल्या देवळात त्या वर्षी ध्वनिक्षेपक एकच होता आणि तो वचन व गाण्यांपुरता वापरला गेला. ख्रिस्तजन्माचा देखावा विकत आणला नाही. इटलीतील संत, असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे खरी गव्हाण, खरे गवत आणि जिवंत जनावरे ठेवून नाताळ केला होता, तसे येथे एका घरची गव्हाण, ज्वारीचा कडबा आणि दोन बैल आणले गेले. गाणारी ती बहीण २४ तारखेला मुलांसह आली. मुलांच्या अंगावर जुने कपडे होते आणि पाळकांच्या मुलांच्याही.

सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. दानपेटीत जमलेली रक्कम पूर्वीच्या वर्गणीपेक्षा कमी भरली, कारण नाव वाचले जाणार नाही म्हटल्यावर काही मोठ्या देणग्या आल्याच नाहीत. दोन नोकरदार कुटुंबे त्या नाताळाला शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये गेली. लकी ड्रॉ नसल्याने लहान मुले हिरमुसली, आणि त्यांच्यासाठी दुसरा खेळ ठेवायचा कोणाच्या लक्षात आले नाही. काही कोयत्याच्या घरांनी तरीही उचल घेऊन कपडे घेतले. त्यांना कोणी बोलले नाही आणि बोलायला नको असे सभेनेच ठरवले होते. मात्र पंचांनी घरोघर विचारले तेव्हा बहुतेक कोयत्याच्या घरांनी या नाताळासाठी वेगळी उचल घेतली नव्हती, असे आढळले. माझ्या दृष्टीने या प्रकरणात मोजण्यासारखी गोष्ट हीच आहे.

मंडप, डी.जे. आणि फ्लेक्स यांचा खर्च वाचल्यामुळे, जमा कमी होऊनही, शिल्लक उरली. ती कशावर खर्च करावी याबद्दल चर्चा झाली आणि शेवटी एका जुन्या दुखण्याकडे लक्ष गेले. हंगामात आईबापांबरोबर पडावावर गेलेली मुले शाळेतून गळतात. आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाखाण्याला हातभार लावला तर काही मुले तरी गावच्या शाळेत राहू शकतील, म्हणून शिल्लक रकमेतून तांदूळ, डाळ आणि तेल घेऊन अशा घरांना महिन्याकाठी देण्यात आले. मुले ख्रिस्ती घरची आहेत की नाहीत हे पाहिले गेले नाही.

अजून न सुटलेला प्रश्न

पुढच्या वर्षासाठी एक प्रस्ताव पंचांसमोर आहे. साखर कारखान्याचे गाळप हंगामात अखंड चालते आणि २५ डिसेंबरलाही तोड थांबत नाही. गावी आलेल्या प्रत्येक कोयत्याची दोन दिवसांची कमाई बुडते, आणि न आलेल्याचे प्रभुभोजन बुडते. पाळकांनी २५ तारखेच्या रात्री पडावावरच प्रभुभोजन ठेवण्याचे सुचवले आहे. काही पंच म्हणतात की मंडळीचे प्रभुभोजन मंडळीच्या देवळात व्हावे, आणि जे येऊ इच्छितात त्यांची बुडालेली मजुरी नोकरदार घरांनी भरून द्यावी. दुसरी बाजू विचारते की मजुरी भरून दिली तर देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष पुन्हा देवळात उभे राहतील का.

मला दोन्ही गोष्टी कराव्यात असे वाटते, आणि मी तसे सभेत सांगितले आहे. जे पडावावर राहतील त्यांच्याकडे पाळकांनी भाकर आणि प्याला घेऊन जावे, आणि जे गावी येतील त्यांची मजुरी दानपेटीतूनच, कोणाच्याही नावाशिवाय भरावी. पेटीत नाव नसेल तर देणारा कोण हे घेणाऱ्याला कळणार नाही. निर्णय येत्या पावसाळ्यात, कोयत्याची माणसे गावात असताना, त्यांच्या मतासह होईल.